सावडीने उडणारे विमान



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी पुण्यास कॉलेजात शिकते. तिने कोठेतरी बिनइंजिनाच्या विमानाची, म्हणजे ग्लायडरची माहिती ऐकली आणि आता तिला ते चालवायला शिकायचे आहे. आई लिहितात, "तिच्या वडिलांचे म्हणणे असे की, इंजिन असलेली विमाने पडतात, तर बिनइंजिनाचे काय वर राहणार? सासूबाईंनी तर अन्न सोडण्याची भाषा केली आहे. पोरगी रागाने बोलत नाही. हे नेमके असते काय, धोका किती, खर्च किती आणि पुढे त्याचा उपयोग काय, ते आपल्या सदरातून सांगावे."

हा प्रश्न शेतीचा नाही, असे कोणी म्हणेल. पण ऊन, वारा, ढग आणि चार माणसांची सावड यांच्यावर जे चालते, ते शेतकऱ्याच्या घराला परके नाही. शिवाय आज एका घरात निघालेला विषय उद्या दुसऱ्या घरात निघेल. म्हणून ताईंच्या चारही प्रश्नांचा विचार येथे क्रमाने करू.

घार वर कशी चढते?

उन्हाळ्याची नांगरट चालू असते. दुपारी औत सोडून किंवा ट्रॅक्टर उभा करून आपण झाडाखाली टेकतो. वर पाहावे तर घार गोल गोल फिरत असते. पंख हलवीत नाही, तरी वर वर जाते आणि बघता बघता ठिपक्याएवढी होते.

ऊन सगळ्या शिवारावर सारखेच पडते, पण सगळी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेले कोरडे काळे रान, खडकाळ माळ आणि पत्र्याची छपरे लवकर तापतात. उसाचा फड, नुकतेच भिजवलेले रान आणि तळे उशिरा तापतात, कारण तेथे उन्हाची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. तापल्या जमिनीवरची हवा तापते, हलकी होते आणि वर उठते. चुलीवरच्या पातेल्यात तळचे पाणी वर येते, तसेच हे. वर चढणाऱ्या या हवेला वैमानिक 'थर्मल' म्हणतात. आपली वावटळ म्हणजे अशाच एखाद्या प्रवाहाचा जमिनीवर टेकलेला पाय. धूळ उडते म्हणून तो आपल्याला दिसतो, एवढेच.

वर जाणारी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंश सेल्सिअस थंड होते. पुरेशी थंड झाली की तिच्यातल्या वाफेचे ढग बनतात. दुपारी फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखे जे सुटे पांढरे ढग दिसतात, त्यांच्या खाली बहुधा हवा वर चढत असते. ग्लायडरचा वैमानिक असा ढग पाहतो, खालचे रान पाहतो आणि घारही पाहतो. घार जेथे फिरते तेथे तोही फिरू लागतो.

पूर्वी हे काम गिधाडे फार चांगले करीत. १९९० नंतरच्या काळात ती झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. गुरांसाठी हे औषध वापरण्यावर २००६ साली बंदी आली. आपल्या गोठ्यातल्या एका सुईचा परिणाम आभाळात कोठवर जातो, हे यावरून ध्यानात यावे.

बिनइंजिनाचे विमान वर कसे राहते?

उतारावर सायकल सोडली की पायडल न मारता ती चालते. ग्लायडरचेही तसेच आहे. ते हवेच्या उतारावरून सतत खाली येत असते आणि त्या खाली येण्यातूनच त्याला वेग मिळतो. मात्र त्याची बांधणी अशी असते की हा उतार अगदी थोडा राहावा. जर्मनीतले ए.एस.के. २१ हे दोन माणसांचे शिकाऊ ग्लायडर १९७९ साली प्रथम उडाले आणि जगभरच्या क्लबांत आजही वापरात आहे. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १७ मीटर भरतात. रिकामे वजन सुमारे ३६० किलो, म्हणजे धष्टपुष्ट बैलापेक्षा कमीच. ते १ मीटर खाली येईपर्यंत सुमारे ३४ मीटर पुढे जाते. म्हणजे १,००० मीटर उंचीवरून, हवा शांत असेल तर, सुमारे ३४ किलोमीटर. हा झाला कागदावरचा हिशेब. शहाणा वैमानिक त्यातला मोठा भाग शिलकीत ठेवूनच चालतो.

आता वर चढण्याचे गणित पाहा. वळण घेताना ग्लायडर स्वतः सेकंदाला समजा १ मीटर खाली येत आहे. पण ज्या हवेत ते आहे, ती हवाच सेकंदाला ३ मीटर वर चालली आहे. तर ग्लायडर सेकंदाला २ मीटर वर जाईल. ३०० मीटरवरून १,२०० मीटरवर जायला त्याला साडेसात मिनिटे लागतील. सरकत्या जिन्यावर एखादा माणूस सावकाश खाली उतरतो, तरी जिना त्याला वरच नेतो, तसेच हे.

या युक्तीने माणूस कोठवर गेला? अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या वाऱ्यावर क्लाउस ओलमान या जर्मन वैमानिकाने २००३ साली ३,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. त्याच देशात २०१८ साली 'पर्लान २' हे ग्लायडर सुमारे २३,००० मीटर उंचीवर गेले. प्रवासी विमाने उडतात त्याच्या दुपटीलाही हे मागे टाकते. अर्थात हे थोरामोठ्यांचे पराक्रम. नवशिक्याचा पहिला हंगाम मैदानाच्या वरच जातो.

आता ताईंच्या यजमानांच्या शंकेकडे येऊ. इंजिनाच्या विमानात इंजिन बंद पडणे हे संकट असते. ग्लायडरमध्ये बंद पडायला इंजिनच नाही. त्याचे प्रत्येक उतरणे बिनइंजिनाचेच असते आणि पहिल्या दिवसापासून शिक्षण त्याचेच असते. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही. एकच संधी मिळते. म्हणून हे शिक्षण शिस्तीचे आहे.

एक उडतो, सहाजण राबतात

या विद्येचा इतिहास मुळापासून सावडीचा आहे. अमेरिकेतले राइट बंधू सायकली तयार करणारे कारागीर. १९०३ साली इंजिनाचे विमान उडवण्यापूर्वी त्यांनी १९०० ते १९०२ या काळात ग्लायडरच उडवले. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर तिथल्या माणसांनी त्यांचे ग्लायडर उचलू लागले आणि पंख धरून धावू लागले, तेव्हा ते हवेत गेले.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाची विमाने करण्याबाबत कडक बंधने आली. तेव्हा तिथल्या तरुणांनी बिनइंजिनाच्या विमानांकडे मोर्चा वळवला. वासरकुप्पे नावाच्या ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर १९२० साली पहिली मोठी स्पर्धा झाली. हातात पैसा नाही, म्हणून लाकडाच्या पट्ट्या आणि कापड यांचे ग्लायडर ते स्वतः बांधीत. ते हवेत सोडण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. रबराचा लांब दोर ग्लायडरच्या नाकाला अडकवायचा. दोराची दोन्ही टोके धरून दोन बाजूंना पोरांच्या दोन रांगा उताराकडे धावत सुटायच्या. मागे दोघांनी शेपूट धरून ठेवायचे. दोर ताणला की शेपूट सोडायचे आणि ग्लायडर गोफणीतल्या दगडासारखे सुटायचे. एकाला काही क्षण उडता यावे म्हणून दहाजण डोंगर उतरायचे. मग सगळ्यांनी मिळून ग्लायडर पुन्हा वर चढवायचे आणि पुढच्याची पाळी.

आज रबराच्या दोराऐवजी बहुतेक ठिकाणी विंच असते. विंच म्हणजे इंजिनावर फिरणारा मोठा रहाटच. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मधे सुमारे १,००० मीटर पोलादी तारेचा किंवा कृत्रिम धाग्याचा दोर. मोटेचा नाडा ओढावा तसा विंच हा दोर गुंडाळतो आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढते. मिनिटाच्या आत ते ३०० ते ४०० मीटरवर पोचते. तेथे वैमानिक पिवळी मूठ ओढून दोर सोडून देतो. काही क्लबांत इंजिनाच्या विमानामागे बांधूनही ग्लायडर वर नेतात, पण ते महाग पडते.

आता यासाठी माणसे किती लागतात ते मोजा. विंच चालवायला एक. दोर आणून अडकवायला एक. पंखाचे टोक धरून काही पावले धावायला एक. आभाळात दुसरे विमान नाही हे पाहून इशारा करायला एक. उड्डाणांची वेळ वहीत टिपायला एक. उतरलेले ग्लायडर ढकलत परत आणायला दोघे-तिघे. वर बसलेला एक आणि शिकवणारा गुरू एक. म्हणून ग्लायडिंग एकट्याने करता येत नाही आणि घरच्या घरी शिकता येत नाही. ते क्लबातच शिकावे लागते.

आपल्याकडे इर्जिकीला गावातली औते एका रानात उतरत. आज तुझे, उद्या माझे, हा तिचा कायदा. ग्लायडिंगच्या क्लबाचाही हाच कायदा आहे. नवशिका सकाळी येतो, दिवसभर दुसऱ्यांचे पंख धरतो, दोर ओढून आणतो, वही लिहितो आणि त्यात त्याच्या वाट्याला पाच-सहा मिनिटांची दोन-तीन उड्डाणे येतात. जर्मनीत व इंग्लंडात बहुतेक क्लबांत शिकवणारे गुरूही पगाराविना शिकवतात. हिवाळ्यात उडणे कमी, तेव्हा सगळे मिळून ग्लायडरची दुरुस्ती करतात. ज्याला नुसते उडायचे आहे आणि राबायचे नाही, तो अशा क्लबात टिकत नाही. आपल्या घरची मुले येथे कमी पडणार नाहीत, असे मला वाटते.

शिक्षण कसे होते?

शिकाऊ ग्लायडरला दोन जागा असतात. पुढे विद्यार्थी, मागे गुरू. दोघांपुढे सारखीच साधने. हातात एक दांडा, पायाखाली दोन पायडल आणि डाव्या हाताला निळ्या रंगाची मूठ. ती ओढली की पंखातून फळ्या वर येतात आणि ग्लायडर लवकर खाली येते. समोर वेग, उंची आणि वर-खाली जाण्याचा दर दाखवणारी तबकडी असते. शिवाय समोरच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे फडफडला तर ग्लायडर नीट चालले आहे आणि तिरपा झाला तर बाजूला घसरत आहे. लाखो रुपयांच्या यंत्रावरचे हे दोन पैशांचे साधन मोठमोठे वैमानिकही नजरेसमोर ठेवतात.

प्रथम सरळ जाणे, मग वळणे, मग वेग फार कमी झाल्यावर पंखांचा आधार सुटतो तो कसा सावरायचा, मग उतरण्याचा चौकोनी मार्ग, असा क्रम असतो. दोर मध्येच तुटला तर काय करायचे, याचा सराव गुरू मुद्दाम करून घेतो. नाक ताबडतोब खाली करायचे, वेग आल्याची खात्री करायची आणि मगच समोर उतरायचे की वळायचे ते ठरवायचे. साधारण पन्नास ते शंभर उड्डाणांनंतर गुरू एक दिवस मागच्या जागेवरून उतरतो आणि "आता एकट्याने जा" म्हणतो. घाई केलेल्या विद्यार्थ्याला तो उतरत नाही आणि त्याने उतरूही नये.

परवान्यासाठी आपल्या देशात वय १६ वर्षे पूर्ण लागते. आंतरराष्ट्रीय नियमात ग्लायडरच्या परवान्यासाठी किमान ६ तासांचे उड्डाण ठरलेले आहे. त्यात २ तास एकट्याचे आणि त्या काळात किमान २० वेळा वर जाऊन उतरलेले असावे लागते. वैद्यकीय तपासणी होते. फिट येणे, हृदयविकार, नजरेचा दोष यांपैकी काही असेल तर ते लपवू नये. वजनालाही मर्यादा असते. फार जड माणूस चालत नाही, तसा फार हलकाही चालत नाही. हलक्या मुलामुलींसाठी जागेखाली शिशाची वजने ठेवून तोल साधतात. मुलगी आहे म्हणून काही अडत नाही. स्त्रियांची जागतिक ग्लायडिंग स्पर्धा २००१ सालापासून भरते.

पुढे ज्यांना प्रगती करायची, त्यांच्यासाठी जगभर मान्य अशी रुपेरी पदकाची कसोटी आहे. ५ तास हवेत राहणे, १,००० मीटर उंची कमावणे आणि ५० किलोमीटर अंतर जाणे. हे सगळे इंजिनाविना, केवळ ऊन आणि वारा वाचून.

धोका किती?

धोका आहे. नाही असे सांगणारा माणूस एकतर अजाण आहे किंवा काही विकायला आला आहे. पण धोका कोठे असतो हे कळले तर त्याला बांध घालता येतो.

पहिला धोका जमिनीवरचा. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा येतो. म्हणून दोराच्या वाटेत कोणी उभे राहायचे नाही. दुसरा जोडणीचा. ग्लायडरचे पंख सुटे होतात आणि पिना घालून जोडतात. एकाने जोडलेले दुसऱ्याने तपासायचे, हा नियम आहे आणि तो मोडल्यामुळे माणसे गेली आहेत. तिसरा जुन्या सामानाचा. २०१० साली ऑस्ट्रियात एका ब्लानिक जातीच्या ग्लायडरचा पंख हवेत निखळला आणि दोघे मरण पावले. धातू थकून तडा गेला होता. त्यानंतर त्या जातीची ग्लायडरे देशोदेशी जमिनीवर बसवण्यात आली. गाडीचा आस वरून ठीक दिसतो आणि आतून गेलेला असतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. चौथा धोका हवामानाचा. वळवाच्या आधी कशी एकाएकी गार झुळूक येते, पालापाचोळा उठतो आणि वारा फिरतो? त्या वाऱ्यात ग्लायडर उतरवणे फार कठीण. ढग काळवंडू लागले की सगळी ग्लायडरे खाली असली पाहिजेत. पाचवा आणि सर्वांत मोठा धोका फाजील धाडसाचा. जमिनीजवळ कमी वेगात वळण घेणे, मित्रांना दाखवण्यासाठी खालून जाणे, यांनी अपघात होतात.

चांगल्या क्लबात एक नियम असतो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ग्लायडर सुटण्याच्या वेळी काही वावगे दिसले तर मैदानावरचा कोणीही माणूस "थांबा" असे ओरडू शकतो. मग तो काल आलेला नवशिका का असेना. सगळे थांबते आणि चुकून ओरडला तरी त्याला कोणी रागावत नाही.

हा नियम आपल्या खळ्यावर असता तर? मळणी यंत्रात दरवर्षी हात जातात. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात धोतर, पदर आणि ओढणी गुंतते. बाजूला उभ्या असलेल्या पोराला किंवा सुनेला ते आधी दिसलेले असते. पण मोठ्यांच्या कामात कसे बोलावे, म्हणून तोंड उघडत नाही. ग्लायडरच्या मैदानावर जे पोर "थांबा" म्हणायला शिकेल, ते घरी आल्यावर खळ्यावरही म्हणेल. ग्लायडिंगचा शेतकऱ्याच्या घराला दुसरा काही उपयोग झाला नाही आणि एवढाच झाला, तरी पुष्कळ.

खर्च आणि पोटपाणी

ग्लायडरला इंधन लागत नाही आणि विंचला थोडेच लागते. त्यामुळे इंजिनाच्या विमानापेक्षा हे शिक्षण पुष्कळ स्वस्त पडते. तरी ते फुकट नाही. दर उड्डाणाला किती, मिनिटाला किती, विमा कोणाचा, तपासणीचा खर्च वेगळा का, राहण्या-जेवण्याचे काय, हे सगळे लेखी विचारून घ्यावे आणि पैसे पावतीवरच द्यावेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ग्लायडरचा परवाना हा नोकरीचा परवाना नव्हे. त्यावर विमान कंपनीत कोणी घेत नाही. धंद्याच्या वैमानिकाचा परवाना वेगळा, त्याला २०० तासांचे उड्डाण लागते आणि खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. "आधी ग्लायडर शिक, मग हमखास पायलट" असे सांगून कोणी मोठी रक्कम मागत असेल तर त्या दारात उभे राहू नये. यासाठी जमीन गहाण टाकू नये, दागिने मोडू नयेत आणि पीककर्जाला हात लावू नये. हा छंद आहे. घरखर्च भागून उरेल त्यात बसला तर करावा.

ज्या मुला-मुलींना खरोखर वैमानिकच व्हायचे आहे आणि घरची ऐपत बेताची आहे, त्यांच्यासाठी हवाई दलाची वाट आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देता येते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या या संस्थेत २०२२ सालापासून मुलींनाही प्रवेश आहे आणि तिथले शिक्षण सरकारी खर्चाने होते. पदवीनंतरही हवाई दलाची प्रवेशपरीक्षा असते. कॉलेजात एन.सी.सी.चा हवाई विभाग असेल तर त्यात नाव घालावे. तेथे छात्रांना लहान मायक्रोलाइट विमानातून उड्डाणाचा अनुभव मिळतो. घरच्यांच्या खिशाला त्याची झळ लागत नाही.

कोठे चौकशी करावी?

पुण्यात हडपसरच्या पुढे सासवड रस्त्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र १९५० साली सुरू झाले. त्या परिसराला लोक आजही ग्लायडिंग सेंटर म्हणूनच ओळखतात. विंचवर वर जाण्याचे शिक्षण तेथे अनेकांनी घेतले. भारतातच आखलेले आणि १९६१ साली प्रथम उडालेले 'रोहिणी' नावाचे लाकडी ग्लायडर त्या काळच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे पहिले वाहन होते. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसत. उत्तरेत कानपूरच्या आय.आय.टी.ला स्वतःची धावपट्टी आणि ग्लायडर आहेत. कोठेही जाण्यापूर्वी, शिक्षण त्या वेळी चालू आहे की नाही आणि नवे विद्यार्थी घेतात का, याची फोन करून किंवा पत्र लिहून खात्री करावी. नुसत्या ऐकीव माहितीवर मुलीने गाडीभाडे खर्चू नये.

क्लब ठरवण्यापूर्वी घरच्यांनी एक दिवस मैदानावर जाऊन बसावे. आजीलाही न्यावे. त्या दिवशी आभाळाकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) शिकवणाऱ्याकडे आणि ग्लायडरकडे सरकारमान्य कागद आहेत का? विचारल्यावर ते दाखवतात का?

२) सकाळी पहिल्या उड्डाणापूर्वी ग्लायडरची तपासणी होते का आणि ती वहीत लिहिली जाते का?

३) दोर आणि मैदान यांपासून पाहुण्यांना दूर ठेवतात का?

४) "थांबा" म्हटल्यावर खरोखर सगळे थांबते का?

५) वारा वाढल्यावर उड्डाणे बंद करतात, की दूरवरून आलेल्यांना नाराज करू नये म्हणून चालूच ठेवतात?

६) मुलींशी बोलण्याची रीत कशी आहे? त्यांना काम आणि पाळी मुलांच्या बरोबरीने मिळते का?

सहाही उत्तरे मनासारखी आली तर मुलीला आडवू नये. एका प्रश्नाचे उत्तरही टाळले गेले तर हात जोडून परत यावे. त्यात मुलीचेच भले आहे आणि तसे तिला समजावून सांगावे.

ग्लायडर रानात उतरले तर

जाता जाता एक उपयोगाची माहिती. लांब पल्ल्याला निघालेल्या ग्लायडरला वाटेत वर चढणारी हवा मिळाली नाही, तर ते जवळच्या रानात उतरते. युरोपात हंगामात हे नेहमीचे आहे, आपल्याकडे क्वचित घडेल. वैमानिक वरून रान निवडतो ते सुमारे ३०० मीटर उंची शिल्लक असतानाच. त्याला हवे असते लांब, सपाट, पीक नसलेले रान. विजेच्या तारा, विहीर, बांध आणि गुरे तो टाळतो. नांगरटीची तासे असतील तर त्यांच्या रोखानेच उतरतो.

असे ग्लायडर दिसले तर पोरांना आणि गुरांना त्याच्या वाटेतून दूर करा. थांबल्यावर लगेच धावत जाऊन पंख वा शेपूट ओढू नका, त्यावर कोणाला बसू देऊ नका. वैमानिक बाहेर येऊन सांगेल तेथेच धरा. वारा असेल तर तो पंखाच्या टोकाशी एकाला उभे राहायला सांगेल. जखम असेल तर १०८ ला, नसेल तर पोलीस पाटलांना कळवा. पिकाचे नुकसान झाले असेल तर ते त्याच्यासमोर मोजा. चांगला वैमानिक ते भरून देण्याची गोष्ट स्वतःच काढतो. आणि त्या माणसाला तांब्याभर पाणी द्या. वर ऊन फार असते आणि तो सकाळपासून बसलेला असतो.